खांडीवरचा हात

सर्वपित्री अमावास्येला धनेश गावंडला अग्नी दिला तेव्हा तो दर्भाचा होता. डोक्याच्या जागी नारळ, छातीवर त्याचाच जुना चौकड्यांचा शर्ट. सात वर्षांपूर्वी उधाणाच्या पाण्याने माणखारचा बांध फोडला, खांड पडली, ती बुजवायला गेलेला धनेश खाडीत ओढला गेला आणि त्याचं शरीर कधी मिळालं नाही. सात वर्षं वाट बघून त्याच्या आईने, सोनाआजीने, हा पुतळ्याचा विधी लावला होता. खाडीकाठची हवा दमट, दर्भ पेट घेईना. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं लागली. असल्या नोंदी ठेवायची मला सवय आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढली की ती जात नाही.

पुतळा जळून गेल्यावर गावातल्या एकेका पुरुषाने तीळ-पाणी सोडलं. माझ्या वडिलांची पाळी आली तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला.

"दत्ता, उजव्या हातान सोड," सोनाआजी म्हणाली.

"नस दबलीय, काकी."

"मेल्याला डाव्या हातान पानी देतंस?"

बाजूचे पुरुष जमिनीकडे बघू लागले. बाबांनी उजवा हात पुढे केला, पण मूठ पुरती उघडली नाही. पाणी त्यांच्या स्वतःच्याच पायांवर सांडलं. गेली काही वर्षं बाबा जेवतातही डाव्या हाताने, चमच्याने. डॉक्टरने नस दबलीय म्हटलं, असं सांगतात. कुठल्या डॉक्टरने, हे मी कधी विचारलं नव्हतं.

धनेशकाकाची पॉलिसी माझ्याकडे होती. ज्या एजंटने ती काढली होती त्याने धंदा सोडला, आणि मी परीक्षा पास होऊन विम्याचं काम धरलं तेव्हा गावातल्या त्याच्या सगळ्या पॉलिसी माझ्या वाट्याला आल्या. दहा लाखांचा विमा, सहामाही हप्ता. कल्पिताकाकी, म्हणजे धनेशकाकाची बायको, तो दर वेळी भरत आली होती. या वेळचा हप्ता सात सप्टेंबरचा होता, सवलतीचे तीस दिवस धरून सात ऑक्टोबरपर्यंत भरता येणार होता. विधीनंतर चार दिवस मी जाऊ दिले. मग त्यांच्या शेतावर गेले.

राता, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं लाल भात, पिकलं होतं. काकी आणि दोन बाया ओळीने कापत होत्या. खालचा चिखल अजून ओला, त्यामुळे कापलेली मूठ खाली टाकायची नाही, हातातच धरून बांधावर नेऊन ठेवायची. काकीची साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, पोटऱ्यांवर खाऱ्या चिखलाचा पांढरा पापुद्रा.

"काकी, हप्ता राहिलाय."

तिने विळा थांबवला नाही. "पैसे हायत गं. पोरीच्या, अमिषाच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेत, त्यातले घेता येतील. पन आई नको बोलतात."

"का?"

"तू त्यांनाच इचार."

सोनाआजी ओटीवर बसून सुकटी निवडत होती. मी पायरी चढणार तेवढ्यात तिने हात आडवा केला.

"तिथं पाय नको ठेवूस, बाय."

उंबऱ्याच्या अलीकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक ओला डाग होता. लांबट, पुढे रुंद, मागे निमुळता. दुपारचे बारा वाजून गेले होते.

"उधान आलं का येतो," ती म्हणाली. "कोन पानी टाकत न्हाय. कोनी पुसाचा न्हाय."

या भागातल्या घरांच्या जमिनी खाऱ्या मातीच्या भरावावर आहेत. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, उधाणात जमिनीखालचं पाणीही वर चढतं. भराव जिथे पोकळ असेल तिथे डाग पडणार. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तो डाग टाळून, भिंतीला धरून तिच्यापाशी जाऊन बसले.

"आजी, हप्ता भरला नाही तर पॉलिसी बंद पडेल."

"पडूदे. जाल्लाय त्याला. आता हप्ता भराचा म्हंजे तो जिता हाय असा लिवून देयाचा. मंग तो कसा सुटल? परत दाराशी येल." तिने एक सुकटी मोडली. "आन तूच बोललीस ना, सात वरसं झाली का कागद होतो? तुझ्या भरवश्यावर भटाला बोलावला मी."

मी तसं बोलले होते. दोन वर्षांपूर्वी, याच ओटीवर. सात वर्षं माणूस बेपत्ता असला की कायदा त्याला मेलेला धरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तेवढंच सांगितलं होतं. त्यासाठी सात वर्षांनंतर कोर्टात जावं लागतं, निकाल लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तोवर हप्ते भरत राहायचे असतात, हे पुढचं पान मी वाचलं नव्हतं. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करायची तर विमाधारकाने स्वतः सही करून द्यावी लागते, की माझी तब्येत चांगली आहे.

मी स्वतःच हप्ता भरायचं ठरवलं. पॉलिसी नंबर माहीत असला की कोणीही भरू शकतं, कोणाला कळतही नाही. पण आधी एकदा विचारून घ्यावं म्हणून पेणला शाखेत गेले. दाव्यांचं काम कोकिळा मॅडम बघतात. निवृत्तीला सहा महिने राहिलेत, टेबलावर फाईल कमी आणि चिकूच जास्त असतात.

त्यांनी पोलिसांचा जुना जबाब वाचला. गावातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: सकाळी घरून गेला, बांधावर दिसला, नंतर दिसला नाही.

"किती वाजता गेला म्हणालीस?"

"दुपारी. भरती बारा पन्नासला होती. मी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक काढलं."

"भर दुपारी. आणि कोणी पाहिलं नाही?"

"नाही म्हणतात."

"बांधावर माणसं किती होती?"

"प्रत्येक घरातून एक जातो. एकोणचाळीस."

त्यांनी चष्मा काढला. "प्राप्ती, एकोणचाळीस माणसांमध्ये एक माणूस वाहून जातो आणि कोणालाच दिसत नाही? एक जरी शपथेवर म्हणाला ना, की मी त्याला बुडताना पाहिलं, तर सात वर्षांचा प्रश्नच येत नाही. पोलिसांत पुरवणी जबाब, प्रांताकडे अर्ज, आणि मृत्यूची तारीख तीच, सात वर्षांपूर्वीची. तेव्हा पॉलिसी चालू होती. मग हा हप्ता भरला काय न भरला काय. नंतर भरलेले उलट परत मिळतील."

"आणि आत्ता भरून ठेवला तर?"

"भरतेस तर बेपत्ता म्हणून भर, आणि कोर्टाची वाट बघ. मेला म्हणतेस तर साक्षीदार आण. एकाच आठवड्यात दोन्ही नको. ठरव, आणि सातच्या आत ठरव. चिकू घे."

मला माझी चूक दोन्हीकडून दिसली. सात वर्षं मोजायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारत फिरले. भातकापणीचे दिवस, माणसं बांधांवर सापडत. सगळ्यांनी आधी तेच सांगितलं. मग मी प्रश्न बदलला. खांड बुजवताना काही जण चिखलाचे डेपे कापतात, काही वाहतात, आणि चौदा जण पाण्यात साखळी करून उभे राहतात, मनगटाला मनगट धरून, म्हणजे पेंढ्याचे भारे आणि डेपे वाहून जात नाहीत. साखळी दोन्ही काठांनी सुरू होते आणि मधोमध, जिथे पाणी सगळ्यात खोल, तिथे मिळते. कोणाच्या शेजारी कोण होतं, हे कोणी सांगणार नव्हतं. म्हणून मी एवढंच विचारलं: तुमच्या कितीपर्यंत पाणी होतं?

याचं उत्तर लोक सहज देत.

"ढोपराला," एक जण भारा बांधता बांधता म्हणाला. "मी काठालाच. मना पोवाला येत न्हाय, आन हिचं नवीनच लगीन झाल्यालं." शेजारची त्याची बायको हसली.

"मांडीला."

"कमरेला. पन माझी कंबर खाली हाय, ते धरून चाल."

मी वहीत रकाने पाडले. माणसाची उंची, पाणी कुठवर, कुठल्या काठाने उतरला. चार दिवसांत बारा जण झाले. उंची धरून खोली काढली की प्रत्येकाची जागा आपोआप ठरत होती. पूर्वेकडून सात: घोटा, ढोपर, मांडी, कंबर, कंबर, बरगड्या, छाती. पश्चिमेकडून पाच, तेही छातीपर्यंत. मधे दोन जागा उरल्या. एक धनेशकाकाची. दुसरी कोणाची ते कळेना. डेपे कापणाऱ्यांची आणि वाहणाऱ्यांचीही नावं मी मिळवली होती, पण बेरीज एकाने चुकत होती, एकोणचाळीसऐवजी चाळीस.

पाच तारखेला संध्याकाळी बांधकमिटीचे बाळाजी गावंड उघाडीवर भेटले. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी झापांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जातं, भरतीला ते दाबाने आपोआप बंद होतं. बाळाजीआजोबा झापांत अडकलेलं प्लॅस्टिक काठीने काढत होते. वय ऐंशी, डोळा एक.

"ऐकलं, पानी मोजतंस म्हने," ते म्हणाले. "सात वरसांपूर्वीचं."

"आजोबा, एकच माणूस सापडत नाहीये. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय."

"मग सांगत का नाही? काकीचं आयुष्य अडकलंय. तिला धड सवाष्ण म्हणत नाहीत, धड विधवा म्हणत नाहीत. अमिषाला नर्सिंगला जायचंय."

त्यांनी एक पिशवी ओढून काढली, पाणी झटकलं, बांधावर ठेवली. "माझ्या बापाच्या टायमाला एक गेला. त्या टायमाला लोकांनी नाव घेतलं, ह्याच्या हातातून गेला म्हनून. पुढच्या वरसाला खांड पडली तर साखलीला मानसं उभी र्‍हाईनात. ह्याच्या बाजूला तो नको, त्याच्या बाजूला हा नको. आक्खी शेती खारी झाली, सात गावांची. तवापासून ठरलंय. खांडीवर कोनाचा हात कोनाच्या हातात होता ते काठावर आलं का इसरायचं. पोलिसाला न्हाय, बायकोला न्हाय. न्हायतर उद्या कोन कोनाचा हात धरल?"

नियम खोटा नव्हता.

मी निघाले तेव्हा ते पाठमोरेच म्हणाले, "सगल्या गावाला इचारलंस, पोरी. घरातल्याला इचारलंस का?"

घर दहा मिनिटांवर आहे. मला अर्धा तास लागला. बाबांनी नेहमी सांगितलं होतं की ते माती कापत होते. माझ्या यादीत डेपे कापणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव मीच लिहिलं होतं, कोणालाही न विचारता. तेवढी एकच नोंद मी तपासली नव्हती.

आई जेवायला वाढत होती. भात, कोलंबीचं सांबारं. बाबांनी डाव्या हातात चमचा घेतला.

"बाबा, त्या दिवशी तुझ्या कितीपर्यंत पाणी होतं?"

चमचा ताटात राहिला. बाहेरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"गल्यापर्यंत," बाबा म्हणाले.

आईने भाताचं पातेलं झाकलं आणि आत निघून गेली. तिला माहीत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी कोकिळा मॅडमनी सांगितलेलं सगळं बाबांना सांगितलं. पोलीस विचारतील की आधी का बोलला नाहीत, हेही सांगितलं. गाव काय म्हणेल ते सांगायची गरज नव्हती. बाबा ऐकत होते. उजवी मूठ मांडीखाली दाबलेली. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दिवसभर अंगणात बसून विळ्यांना धार लावत राहिले, घरातल्या चार आणि शेजाऱ्यांच्या सहा. सगळी डाव्या हाताने.

सात ऑक्टोबरला सकाळी मी ऑनलाईन हप्त्याचं पान उघडून ठेवलं. नाव, नंबर, रक्कम. बटण दाबलं की झालं असतं, धनेशकाका आणखी सहा महिने बेपत्ता राहिला असता आणि बाबाही माती कापणाऱ्यांत राहिले असते. बाबा दारात आले. धुतलेला शर्ट घातला होता.

"फोन ठेव खाली," ते म्हणाले. "चल."

कोजागिरीची पौर्णिमा आदल्या रात्रीच झाली होती. भरती बारा वाजून वीस मिनिटांची. आम्ही पोचलो तेव्हा सोनाआजी ओटीवर होती, काकी भाताचा भारा उतरवून माठातलं पाणी पीत होती. उंबऱ्याच्या अलीकडे डाग पडला होता, नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच आकाराचा. बाबांनी तो पाहिला आणि ते पायरीच्या खालीच उभे राहिले.

"वर ये, दत्ता. उनात का उभा?" सोनाआजी म्हणाली.

"इथंच बरा हाय, काकी." ते थांबले. "त्या दिवशी मी माती कापत नव्हतो. साखलीत होतो. मधी."

सोनाआजीचे हात सुपात थांबले.

"धनेशचा हात माझ्या हातात होता."

काकीने माठावर झाकण ठेवलं. फार हळू, आवाज न करता.

"सुटला का सोडलास?" सोनाआजीने विचारलं.

बाबांनी उजवी मूठ समोर धरली आणि तिच्याकडे बघत बोलले, तिला सांगितल्यासारखं. "त्याचे पाय उचलले पान्यान, पल्याडचा हात सुटला. तो खांडीत आडवा झाला. माझे पन पाय सुटाला लागले. मी सुटलो असतो त साखली गेली असती, माझ्या मागं सात जन होते. मी हात सोडला. पन तो सोडी ना, काकी. त्यानं माझं मनगट धरलेलं. मागच्यान माझी कंबर धरली, मंग मी दुसऱ्या हातान त्याची बोटं काढली. एकेक करून."

"काय बोलला?" आजीने विचारलं.

"काय नाय. तोंडात पानी होतं. बघत होता."

शेजारच्या अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मला वाटलं आजी ओरडेल, किंवा सूप भिरकावेल. तिने सुपातला एक खडा शोधला, बोटांनी उचलला आणि बाहेर टाकला.

काकीच आधी बोलली. "दत्तूदादा, सात वरसं तुमच्या दारावरून मी हप्ता भराला गेले. तुम्ही ओटीवर बसलेले असायचे. मना इचारायचे, कुठं चाललीस."

"व्हय."

"चौदा हप्ते भरले मी. फोन त्याचा चालू ठेवला, दर महिन्याला पैसे टाकून. वाजला का धावायचे."

काकी माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते, भाताच्या कुसळांनी लाल झालेले. "लिही तू. काय लिवायचा तो लिही. तारीख लिही. मना तारीख पायजे."

मी वही काढली. प्रतिज्ञापत्रात काय लागतं ते कोकिळा मॅडमनी सांगितलं होतं. मी, दत्तात्रेय, अमुक वर्षांचा, शपथेवर सांगतो की त्या तारखेला दुपारी सुमारे बारा पन्नासला मी धनेश गावंड यांस खांडीच्या प्रवाहात ओढलं जाताना, पाण्याखाली जाताना प्रत्यक्ष पाहिलं, आणि ते पुन्हा वर आले नाहीत. बोटांसाठी मजकुरात जागा नव्हती. मी वाचून दाखवलं.

"एवढाच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच लागतं."

"बाकीचा?"

"बाकीचं लागत नाही, बाबा."

ते ऐकून त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

उद्या दोघांनी पेणला जायचं, नोटरीकडे, मग पोलीस ठाण्यात, असं ठरलं. काकी म्हणाली, मीपन येईन. तेवढ्यात घरातल्या फडताळावर फोन वाजला. मेसेजचा आवाज. काकी सवयीने धावली, मग दारात थांबली, आणि चालत जाऊन घेऊन आली. तिने तो माझ्या हातात दिला. प्रिय धनेश गावंड, हप्ता भरण्याची आज शेवटची तारीख आहे.

"काय हाय?"

"आज शेवटचा दिवस, असं आहे."

"त्याला कलवलाय," काकी म्हणाली, आणि फोन घेऊन बंद केला.

बाबा निघण्यासाठी वळले. सोनाआजीने त्यांना हाक मारली. ती उठली होती, खांबाला धरून. तिने दाराआडचा फडका घेतला आणि त्यांच्या पुढ्यात टाकला.

"ते पानी पूस," ती म्हणाली. "उजव्या हातान."

पुसल्याने खार जात नाही, पुढच्या उधाणाला डाग त्याच जागी पडेल, हे मला माहीत होतं. बाबा पायरी चढले, उंबऱ्याशी गुडघे टेकून बसले. मूठ तशीच फडक्यावर ठेवून त्यांनी एकदा घासली, पाणी नुसतं पसरलं. आजी वरून बघत होती. त्यांनी अंगाचा भार हातावर टाकला. मग फडक्यावर त्यांची बोटं उघडायला लागली, एकेक करून.